पत्रव्यवहारासाठी पत्ता

तिला कचेरीत सगळे ठिपकेबाई म्हणत, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. अकरा वर्षं ती ठिपकेच तर देत आली होती. देशातल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरने एखाद्या मासिकात शोधनिबंध छापला, की त्याखालचा पत्ता काढायचा आणि नकाशावर त्या गावाच्या जागी एक काळा ठिपका द्यायचा. निबंध एकट्याने लिहिलेला असो की चौदा जणांनी मिळून, ठिपका एकच. तो कुणाच्या गावाला द्यायचा याचा नियमही ठरलेला होता. निबंधाच्या तळाशी ‘पत्रव्यवहारासाठी पत्ता’ म्हणून ज्याचं नाव असतं, त्याच्या गावाला. बाकीचे तेरा जण कुठे राहतात, पेशंट कुठून आले, हाड कुठल्या दरीत मोडलं, याच्याशी नकाशाला काही देणंघेणं नव्हतं.

दर पाच वर्षांनी असा एक नकाशा तयार व्हायचा. राजधानीच्या जागी शाई सांडल्यासारखा डाग, तिथून समुद्राकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग, दक्षिणेला दोन बरेसे पुंजके, आणि उत्तरेकडचा सगळा डोंगराळ भाग कोरा करकरीत. तिकडे दगडाच्या खाणी, लाकडाच्या वखारी, उताराचे रस्ते. मांडीची हाडं मोडत ती तिकडेच. पण मोडलेली माणसं गाडीत घालून शहरात आणली जात, शहरात त्यांच्या मांडीत रॉड बसत, शहरातले डॉक्टर त्यांच्यावर निबंध लिहीत, आणि ठिपका शहराला मिळे. माणूस परत डोंगरात जाऊन लंगडतो की धावतो, हे विचारायला कोणी फिरकत नसे. ठिपकेबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. तिचं काम ठिपके देण्याचं होतं आणि ती ते चोख करायची.

वर्षभर रखडलेल्या यंदाच्या नकाशाला मात्र जरा जास्तच महत्त्व आलं होतं. विभागाच्या साहेबांनी वरती एक योजना दिली होती: ज्या जिल्ह्यात पाच वर्षांत एकही निबंध नाही, तिथलं हाडांचं फेरतपासणी केंद्र बंद करायचं आणि पेशंटांना शहरात बोलवायचं. साहेब दुष्ट नव्हते. त्यांना कागदावर सगळं सुटसुटीत आवडायचं, एवढंच.

“ठिपकेबाई, महिनाअखेरीला नकाशा हवा,” ते म्हणाले. “प्रत्येक ठिपका तपासलाय म्हणून खाली तुमची सही. एक जरी खोटा निघाला ना, तर तुमचं आणि माझं दोघांचं हसं होईल.”

“आजवर निघालाय का?” ती म्हणाली.

“म्हणून तर तुमच्याकडे दिलंय.” साहेबांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. “हे काय? डोंगरात तीन ठिपके? शाई उडाली वाटतं.”

यंत्राने मांडलेले ते तीन ठिपके तिने तोवर पाहिलेच नव्हते. एकाच गावावर जवळजवळ एकावर एक बसले होते, लांबून एकच बारीक ठिपका वाटावा असे. तिने टिचकी मारून पत्ता उघडला. साहेब पुढे काहीतरी बोलत होते, ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

पत्त्यावर तिच्या दादाचं नाव होतं. तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. आणि दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

साहेब गेल्यावर तिने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. मासिकवाले निबंध दोनदोन वर्षं लोळवत ठेवतात, माणूस गेल्यावर छापून येतो, असं घडतं कधीकधी. पहिला निबंध चार वर्षांपूर्वीचा होता, तो या हिशेबात कसाबसा बसत होता. दुसरा अडीच वर्षांपूर्वीचा. तिसरा गेल्या वर्षीचा, आणि त्यात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: ‘सर्व एकसष्ट रुग्ण या वर्षीच्या मार्चपर्यंत मी स्वतः तपासले आहेत.’ भाषा दादाची होती. दादा लिहिताना कधी ‘आम्ही’ म्हणत नसे. जे केलं ते मी केलं, चुकलं तर मी चुकलो, असा त्याचा खाक्या.

खरं म्हणजे हे एकसष्ट रुग्ण तिच्या ओळखीचे होते, म्हणजे असायला हवे होते. दादा त्या डोंगरातल्या छोट्या इस्पितळात वीस वर्षं एकटा हाडं जोडत होता. शहरातून बोलावणी आली तरी हलला नाही. जाण्यापूर्वी चार महिने त्याने तिला एक जाड पाकीट पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी: ‘एकसष्ट मांड्या आहेत. दरवर्षी न चुकता मोजल्यात. यात काही आहे का बघून सांग. आकड्यांतलं तुला कळतं, मला नाही.’ तेव्हा ती मागच्या नकाशात गळ्यापर्यंत बुडालेली होती. नकाशा झाला की बघू, म्हणून तिने पाकीट कपाटात ठेवलं. शिवाय मनात हेही आलं होतं की डोंगरातल्या एकसष्ट माणसांचं कोण छापणार? हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मग तो नकाशा घेऊन ती एका परिषदेला गेली, व्यासपीठावर उभी राहून ‘उत्तरेत संशोधनाचा पूर्ण अभाव आहे’ असं काठीने दाखवून खाली उतरली, आणि फोनवर वहिनीचा एका शब्दाचा निरोप आला होता. ‘गेले.’ ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर त्या पाकिटाला हात लावायचं तिला धैर्य झालं नाही. कपाट बदललं, जागा बदलली, पाकीट तिच्यामागून येत राहिलं.

संशयास्पद पत्त्याची खातरजमा करायची विभागाची एक पद्धत होती. यंत्रातून छापील मजकुराचं पत्र जायचं, खाली कुणाचंच नाव नसायचं: ‘वरील पत्ता व लेखक योग्य असल्याचे कळवावे.’ तिने निबंधाखालच्या दादाच्या ई-मेल पत्त्यावर ते पाठवलं. मेलेल्या भावाला सरकारी पत्र पाठवताना आपण वेड्या झालोय की काय, असं तिला वाटून गेलं. पाठवून ती जेवायला गेली. परत आली तर उत्तर आलेलं होतं.

‘पत्ता बरोबर आहे. मी इथेच आहे.’

भर दुपारी, वीस माणसांच्या खोलीत, तिच्या अंगावर सरसरून काटा आला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “काय गं, बरं वाटत नाही का?” तिने मान हलवली आणि पाणी प्यायली.

मग तिने तिला येतं ते केलं. तिन्ही निबंधांतले आकडे एका तक्त्यात मांडले. मनात एकच होतं, की कोणीतरी दादाच्या जुन्या आकड्यांवर कलम करून नवे पिकवतंय. असे बनावट आकडे तिने पुष्कळ पाहिले होते, ते फार गुळगुळीत असतात. हे तसे नव्हते. प्रत्येक माणसाचा गुडघा किती अंशात वाकतो ते वर्षावर्षाने लिहिलेलं होतं, आणि खऱ्या माणसांचे गुडघे जसे लहरी असतात तसेच होते. फक्त एक गोष्ट विचित्र होती. एका वर्षी सगळे गुडघे एकदम आखडले होते. कुणाच्या ऑपरेशनला तेव्हा चौदा वर्षं झालेली, कुणाच्याला चारच. तरुण, म्हातारे, डावा पाय, उजवा पाय, सगळे. कुणी एक अंश, कुणी तीन, बहुतेक जण नेमके दोन. त्यानंतर ते पुन्हा कधी सुटले नाहीत. निबंधाचा निष्कर्षच तो होता: ‘या वर्षी सर्व रुग्णांच्या गुडघ्याची हालचाल दोन अंशांनी कमी झाली. कारण कळलेले नाही.’

ते वर्ष दादा गेल्यानंतरचं पहिलंच होतं.

तिने तक्ता बंद केला, पुन्हा उघडला. आकडा हलला नाही. एकसष्ट माणसांचे गुडघे काय त्याच्या जाण्याचं दुःख करत होते? हा विचार मूर्खपणाचा आहे हे तिला कळत होतं, पण तो डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागितली.

“त्या तीन ठिपक्यांचं काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“तेच बघायला चाललेय.”

“कशाला एवढा त्रास? खोटे असले तर पुसून टाका आणि मासिकांना कळवा, ते निबंध मागे घेतील. तो भाग शून्य झाला की केंद्र बंदच करायचंय.”

म्हणजे ती पुसणार ते नुसते ठिपके नव्हते. मेलेल्या माणसाच्या नावाने बनवाबनवी केली असा शिक्का दादाच्या नावावर बसणार होता, आणि वीस वर्षं त्याने जपलेली जागा तिच्या सहीने बंद होणार होती. आणि पुसले नाहीत, तर जन्मात कधी केलं नव्हतं ते करावं लागणार होतं. खोट्यावर सही.

बसला पाच तास लागले. वळणावळणाचा रस्ता, कडेला दगडाचे ढीग, धुळीने पांढरी झालेली झाडं. इस्पितळाची ऑपरेशनची बाजू कधीच बंद पडली होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मागची दोन खोल्यांची बाजू तेवढी चालू होती आणि दारावर ‘फेरतपासणी’ अशी पाटी होती. बाहेरच्या बाकांवर दहाबारा माणसं बसली होती. काठ्या भिंतीला टेकवलेल्या, प्रत्येकाच्या हातात एक पिवळं कार्ड. महिन्यातून एकदा शहरातून कोणी डॉक्टर येतो, एरवी केंद्र सिस्टरच चालवतात, असं तिने ऐकलं होतं. सिस्टर म्हणजे तिची वहिनी. लग्नाआधीपासून ती दादाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती.

दार अर्धं उघडं होतं. तिने आत डोकावून पाहिलं आणि उंबऱ्यावरच थबकली.

टेबलामागे दादाची खुर्ची होती, रिकामी. शेजारी स्टुलावर वहिनी बसली होती, पांढऱ्या कपड्यांत, पाठ ताठ, मांडीवर कार्डाची पाटी. केस साफ पिकले होते. समोर तपासणीच्या टेबलावर एक पन्नाशीचा गवंडी विजार गुडघ्यावर गुंडाळून पाय सोडून बसला होता. आणि तो वहिनीशी बोलत नव्हता. खुर्चीशी बोलत होता.

“डॉक्टर, शिडी चढतो,” तो म्हणत होता. “उतरताना मात्र जीव मुठीत धरावा लागतो. घरी सांगत नाही. मुलगा काम सोडायला लावेल. अन् एक सांगू का, तुम्ही नको म्हणाला होतात तरी पोती उचलली मी, पावसाआधी. तेव्हापासून आत कट्‌ वाजतं.”

तो थांबला. वहिनीने मान थोडी खुर्चीकडे कलवली, जसं कोणी हळू बोलत असताना ऐकावं, आणि मग कार्डावर लिहिलं.

“पोती उचलायची नाहीत, म्हणतात हे,” ती म्हणाली. “आणि पुढच्या महिन्यात फोटो काढायचा. कट्‌ वाजतं ते बघायला हवं.”

“बरं, डॉक्टर,” गवंडी खुर्चीला म्हणाला आणि खाली उतरला.

दारातून बाहेर पडताना त्याने ठिपकेबाईला पाहिलं. तिचा चेहरा पाहून तो बाजूला आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “घाबरू नका बाई. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. खांदा द्यायला आम्हीच होतो की.”

“मग?”

“मग काय? शहरातून तो पोरगेला डॉक्टर येतो, त्याला आम्ही ‘बरं आहे’ म्हणतो. तोही ‘बरं आहे’ लिहितो. यांच्यासमोर खोटं बोलवत नाही. जिवंत होते तेव्हाही बोलवत नव्हतं.” त्याने काठी उचलली. “सिस्टरांना काही बोलू नका हं.”

ती आत गेली. वहिनी उठून उभी राहिली. सहा वर्षांनी दोघी एकमेकींसमोर आल्या होत्या. पहिल्या वर्षी चारदा फोन झाले असतील, मग दोन, मग नाहीच.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. “बसा. तिथे नको, इथे बाकावर बसा. अजून सातजण आहेत, तेवढे होऊ द्या.”

ती बाकावर बसली आणि पाहत राहिली. पुढची एक बाई होती, मग एक तरुण ट्रकवाला. प्रत्येकजण खुर्चीकडे बघून बोलायचा, वहिनी लिहायची, मग मोजायची. कोनमापक म्हणजे मध्ये अंशांची चकती असलेल्या दोन लांब पट्ट्या. एक पट्टी मांडीला लावायची, एक पोटरीला, आणि गुडघा वाकवला की चकतीवर आकडा वाचायचा. वहिनीचा हात स्थिर होता. वाकून, चष्मा वर करून, ती डोळा थेट चकतीच्या समोर आणायची. एवढं काळजीपूर्वक मोजताना ठिपकेबाईने शहरातल्या प्राध्यापकांनाही पाहिलं नव्हतं. हे आकडे बनावट नव्हते. तिच्या छातीवरचं एक ओझं उतरलं.

आणि मग ट्रकवाल्याच्या वेळी तिने चकतीवर नजर टाकली. काटा एकशे सातवर होता.

“एकशे पाच,” वहिनी म्हणाली आणि तसं लिहिलं.

पुढच्या म्हातारीचा गुडघा पंच्याण्णववर थांबला, वहिनीने त्र्याण्णव लिहिलं. पेशंट संपेपर्यंत ती चकतीच बघत राहिली. शेवटचा गेल्यावर तिने विचारलं, “वहिनी, तू दोन कमी का लिहितेस?”

“दोन वजा करायचे असतात,” वहिनी म्हणाली. “विसरलात का? ह्यांचं कोनमापक शिकत असताना जिन्यावरून पडलं होतं, तेव्हापासून दोन जास्त दाखवतं. हे कधी विसरले नाहीत. मीही विसरत नाही.”

“हे दादाचं आहे?”

“हे नवं आहे. त्यांचं त्यांच्या खिशातच राहिलं होतं. मी तसंच जाऊ दिलं, त्यांच्याबरोबर.”

ठिपकेबाईने ते नवं कोनमापक उचललं, टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि त्याच्या कोपऱ्याला पट्ट्या लावल्या. चकतीवर नेमके नव्वद आले. तिने ते वहिनीसमोर धरलं. वहिनीने चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ वाचत राहिली.

एकसष्ट गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. दादाची दुरुस्ती दादाच्या मागे चालू राहिली होती, एवढंच. ठिपकेबाईला हसू येईल असं वाटलं आणि आलं ते रडू. तिने ते गिळलं, कारण समोर वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“म्हणजे छापलेलं सगळं चूक?” वहिनी म्हणाली. “ह्यांच्या नावावर? सहा वर्षं?”

“पाठवत तूच होतीस ना?”

“मी फक्त टाइप करते. पूर्वीही मीच करायचे.” ती खुर्चीकडे बघत नव्हती आता. “चूक छापली मी त्यांच्या नावावर. त्यांनी आयुष्यात एक आकडा चुकवला नव्हता.”

“वहिनी, ऐक. मला ते तीन ठिपके पुसायला सांगितलंय. पुसले तर निबंध मागे घेतील, दादाचं नाव खराब होईल, आणि हे केंद्र बंद होईल. पण मोजमाप खरं आहे. मी बघितलं. चूक सगळीकडे सारखीच आहे, त्यामुळे ती सुधारता येते. मासिकाला शुद्धिपत्र पाठवायचं. दोन अंश कुठून आले ते सरळ लिहायचं. आणि ज्याने मोजलं त्याचं नाव घालायचं. तुझं. पत्रव्यवहारासाठी पत्ता तुझा, तो इथलाच राहतो. म्हणजे ठिपकाही राहतो.”

“माझं नाव?”

“तूच मोजलंयस.”

“मग ह्यांचं?”

ठिपकेबाईने पिशवीतून मासिकाचा छापील अर्ज काढला. शहरातून निघताना, काय सापडेल ते माहीत नसतानाच, तिने तो आणला होता. लेखक बदलण्याचा अर्ज. त्यात एक रकाना होता: ‘मूळ लेखक हयात नसल्यास मृत्यूचा दिनांक.’ तिने त्यावर बोट ठेवलं. वहिनीने वाचलं आणि हात मागे घेतला.

“हे मला नका लिहायला सांगू,” ती म्हणाली. “वन्सं, मी काही वेडी नाही. मला माहीत आहे सगळं. पण ते मी कधी लिहिलं नाही कुठे. दाखला काढायला तुमचा चुलतभाऊ गेला, पेन्शनीला त्यानेच सह्या केल्या. माझ्या हाताने मी नाही लिहिलं. तुमच्या कचेरीचं पत्र आलं तेव्हासुद्धा मी ‘मी इथेच आहे’ एवढंच लिहिलं. मी इथेच आहे ना. त्यात खोटं काय होतं?”

“ते पत्र मी पाठवलं होतं.”

वहिनी तिच्याकडे पाहत राहिली. “असं होय,” एवढंच म्हणाली.

बाहेर कोणीतरी बाक सरकवला. वहिनीने नवं कोनमापक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. आपल्या हातून गेलेल्या चुकीपुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं, हे ठिपकेबाईला कळत होतं. शेवटी वहिनीनेच अर्ज पुढे ओढला. लेखकाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, शाळेतल्या पोरीसारखं सुटं सुटं. पत्ता लिहिला. मोजणीतली चूक चार ओळींत लिहिली, त्यात स्वतःला जराही सोडलं नाही. मग तारखेच्या रकान्याशी थांबली आणि पेन ठिपकेबाईच्या हातात दिलं.

“हे तुम्ही लिहा. बहीण आहात.”

ठिपकेबाईने पेन टेकवलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला तारीख माहीत नाही. तिला निरोप आला तो दिवस माहीत होता, परिषदेचा. पण त्या एका शब्दात तारीख नव्हती, आणि नंतर तिने कधी विचारली नव्हती. चार हजार निबंधांच्या तारखा तपासणाऱ्या बाईला सख्ख्या भावाची तारीख ठाऊक नव्हती.

“कधी गेला तो?” तिने विचारलं.

वहिनीने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग सांगायला लागली, आणि सहा वर्षांत हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती.

“एकोणीस ऑक्टोबर. सकाळी अकरा जण तपासले. बाराव्याचं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, जरा पाणी दे. मी दिलं. इथेच मागे टेकले. घाम फुटला होता. मला कळलं, त्यांनाही कळलं, आम्ही दोघं रोज तेच बघत होतो ना. गाडी बोलावली, ती यायला दीड तास. तेवढा वेळ बोलत होते. पेशंटांना घरी पाठव म्हणाले. मग म्हणाले, तिचं काही आलं का?”

ठिपकेबाईचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

“रोज विचारायचे. डाक आली की आधी तेच बघायचे. चार महिने. मी म्हटलं, आलं. काल आलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणतात, यात आहे काहीतरी, जरूर लिहा.” वहिनी थांबली. “एवढे खूश झाले. म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? मग आता लिहून काढायला हवं. त्यानंतर बोलले नाहीत.”

“वहिनी...”

“मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. मग वाटलं, निदान ते खोटं ठरू नये. म्हणून मोजत राहिले. म्हणून छापलं.”

ठिपकेबाईने तारीख लिहिली. एकोणीस. ऑक्टोबर. मग तिला जे आजवर कुणालाच सांगता आलं नव्हतं ते तिने सांगितलं. “मी ते पाकीट उघडलंच नाही, वहिनी. अजूनही नाही. तसंच आहे बांधलेलं.”

“माहीत आहे मला,” वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. “उघडलं असतंत तर पहिलं पान दिसलं असतं. त्यावर लेखक म्हणून दोन नावं घातली होती त्यांनी. आधी तुमचं, मग स्वतःचं. मी छापायला पाठवताना तुमचं काढलं. म्हटलं, ज्यांनी वाचलंच नाही त्यांचं नाव कसं छापायचं?”

तिने अर्ज उचलला, शाई वाळली का ते पाहिलं आणि पाकिटात घातला. मग कपाटातून एकसष्ट कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, वरचं कार्ड उघडलं आणि सहा वर्षांपूर्वीच्या ओळीपासून एकेका आकड्यात दोन मिळवायला बसली. ठिपकेबाईने खुर्ची तशीच राहू दिली, बाक टेबलाशी ओढला आणि अर्धी कार्डं आपल्याकडे घेतली.